सालीवाले सर

तालुक्याच्या प्रत्येक गावात एखादा निवृत्त मास्तर असतोच, ज्याच्या हाती मुलाने चांगला मोबाइल दिला आणि घरादाराची शांतता गेली. जळगाव जामोदच्या वाट्याला आलेला नमुना झाडांच्या साली टिपतो. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. पाहुणे विचारतात, ‘‘वाघ दिसला का?’’ सर म्हणतात, ‘‘ऐन दिसला,’’ आणि त्या झाडाच्या सालीचा फोटो पुढे करतात. पाहुण्याला त्यात मगरीची पाठ दिसते. एवढ्यावरच सर त्याला होतकरू समजतात.

मग सुटका नाही. सालईचे सुटणारे पापुद्रे, टेंभुर्णीचे काळे चौकोन, धावड्याचं राखाडी, गुळगुळीत खोड.

‘‘हा साडेसातचा फोटो. हा त्याच जागेचा, जरा नंतरचा.’’

‘‘मधे काय झालं?’’

‘‘ऊन सरकलं!’’

तिरप्या उन्हात भेगांमध्ये सावली भरते आणि दुपारी तीच साल सपाट दिसते, हे खरंच आहे. फक्त ते चहा गार होईपर्यंत ऐकायचं नसतं.

सालीपेक्षाही सरांचा जीव जडलाय तो तिच्यावर बसलेल्या दगडफुलावर. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवालाचा संसार: घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाकडे. १८६७ साली श्वेंडेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने हे मांडलं, तेव्हा जाणकारांनीच त्याला वेड्यात काढलं. ही गोष्ट सर फार आवडीने सांगतात. सरांच्या पत्नीचं म्हणणं वेगळं. मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल भिंगाखाली गेल्यावर वांग्याच्या भाजीला चव कुठून येणार?

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे निघाला की दगडफूल वाळून करडं पडतं. पाणी मिळताच काही मिनिटांत आतलं शैवाल हिरवं दिसू लागतं. म्हणून सरांच्या पिशवीत फवारणीची छोटी बाटली. पण कपाशीच्या मुलखात झाडावर काहीही फवारलं की त्याचा अर्थ एकच.

‘‘सर, कोन्ता रोग पडला? कोन्तं औषध मारून राह्यले?’’

‘‘अहो, साधं पाणी आहे.’’

‘‘राहू द्या मंग. नका सांगू.’’

संध्याकाळपर्यंत कृषी केंद्रात ‘सरांच्या औषधाची’ चौकशी सुरू झालेली असते.

संत्र्याच्या बागेत मात्र उघड वैर. डिंक्या रोगाच्या धास्तीने बागवान बुंध्याला बोर्डो मलम फासतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ते बुरशीच्याच जिवावर उठलेलं, तेव्हा दगडफुलाचं घर तिथे वाचायचं कसं? सर समजावतात, ‘‘ते झाडाचं काही खात नाही हो, नुसतं बसतं.’’

‘‘बसते तं बसते, पन भाडं देते काय?’’

याचं उत्तर सरांकडे आहे आणि ते लांबलचक आहे. गंधकाच्या धुराने दगडफूल नाहीसं होतं, म्हणजे ते फुकटात हवा तपासून देतं. पॅरिससारख्या शहरात निलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने हे १८६६ सालीच दाखवून दिलं होतं. बागवान शांतपणे ऐकतो, ‘‘आपली हवा चांगलीच हाय सर,’’ म्हणतो आणि मलमात ब्रश बुडवतो.

मला विचाराल तर वाघवाल्या छायाचित्रकारांपेक्षा सर परवडले. त्यांच्यासाठी जिप्सी लागत नाही, श्वास रोखून बसावं लागत नाही आणि ‘थोडक्यात हुकला’ ही कथा तर कधीच ऐकावी लागत नाही. झाड जातं कुठे? (रस्ता रुंद होतो तेव्हा जातं. पण तो विषय सरांसमोर काढू नये.)

अक्षय तृतीयेला याच तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. दुसऱ्या पहाटे पाऊसपाणी, पीक आणि राजकारण यांचं भाकीत ऐकायला शेताभोवती गर्दी लोटते. सरही हजर असतात, पण सगळ्यांकडे पाठ करून बांधावरच्या बाभळीला नाक लावून. कुणीतरी हळूच जवळ येतो.

‘‘सर, झाड काय म्हन्ते? पानी हाय का औंदा?’’

‘‘सरका जरा,’’ सर म्हणतात, ‘‘तुमची सावली पडते.’’