७५ ठोके आणि एक घमेलं

डांबराच्या प्रयोगशाळेत मोठी शिस्त असते. गिट्टी, चुरी आणि गरम डांबर यांची चार इंच व्यासाची वडी पाडायची. तिला एका अंगाने ७५ ठोके, उलटवून दुसऱ्या अंगाने ७५ ठोके. मग ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ती किती भार सोसते ते मोजायचं. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या रस्ते खात्यातले ब्रूस मार्शल यांनी ही चाचणी काढली. सिव्हिलचं प्रत्येक पोरगं आजही ती करतं आणि जर्नलवर सही घेतं. आपल्या चिखलीतही साकेगाव रस्त्यावर अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे गावात विद्येचा तोटा नाही.

आता दुसरी चाचणी बघा, ती भर रस्त्यावर चालते. पावसाची उघडीप. टेम्पो थांबतो. खड्ड्यात गुडघाभर नसलं तरी घोटाभर पाणी आहेच. एक जण घमेल्यातला काळा माल त्या पाण्यातच ओततो, दुसरा फावड्याच्या पाठीने चार थापा मारतो. रोलर? मागून येणारी एस.टी. आहे की! इंडियन रोड्स काँग्रेसची पुस्तकं सांगतात, आधी खड्ड्याच्या कडा उभ्या, चौकोनी कापा, धूळ-पाणी काढा, आतून डांबराचा पातळ हात द्या, मग माल भरून दाबा. यातल्या एकाही वाक्याला पीएच.डी. लागत नाही, झाडू लागतो.

संशोधक मंडळी डांबरात प्लास्टिक घालून बघतात, रबर घालून बघतात. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांना प्लास्टिकच्या रस्त्यांसाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच मिळाली. पण आपल्याकडची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वैशाखात भेगाळते. तिच्यावरच्या रस्त्याला वरून काहीही फासा, कडेची नाली बुजलेली असेल तर तो खालून जाणार. नालीवर मात्र कोणी प्रबंध लिहीत नाही, आणि तिचं उद्घाटन करायला कोणी आमदार येत नाही.

शिवाय वजन. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये ट्रक फिरवून फिरवून एक हिशेब निघाला: आसावरचा भार दुप्पट केला की रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. २०१८ मध्ये आपल्या सरकारने चार चाकांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. आकडा किरकोळ वाटतो. पण त्याच हिशेबाने झीज साठ टक्क्यांनी वाढते. तीही टिप्परवाल्याने मर्यादा पाळली तर! रात्रीची वाळू काट्यावर चढून जाते का, हे चिखलीकरांनी मला सांगावं.

बांधण्याची हौस मात्र आपल्याला दांडगी. जून २०२२ मध्ये शेजारच्या अमरावती–अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीज बुकात नाव लागलं. (एका मार्गिकेचे ७५, दोन मार्गिका धरल्या तर साडेसदतीस.) काम जोरदारच होतं, त्याबद्दल शंका नाही. तोच महामार्ग पुढे आपल्या जिल्ह्यात खामगाव, नांदुरा, मलकापूर करत जातो. पण झटपट रस्ता करण्याचा विक्रम असतो, तसा तो टिकवण्याचा का नसावा? असता तर पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याला द्यावा लागला असता. रेकॉन्डो कंपनीने तो १९७० च्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर केला आणि हमी संपल्यावरही तो कित्येक वर्षं ठणठणीत राहिला. एवढं चांगलं काम करणाऱ्याला पुन्हा बोलावायची गरज कुणाला?

तर वाचकहो, खड्ड्याचा फोटो काढून स्टेटसला टाकण्याआधी रस्त्याच्या कडेचा फलक शोधा. त्यावर काम कधी संपलं, कोणी केलं आणि दोषदायित्वाची मुदत कधीपर्यंत आहे ते बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना तर पाच वर्षांची देखभाल करारातच असते. मुदत चालू असेल तर तारखेसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तो खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो.