सिंदखेडराजाच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्या महोदयांस

राजमान्य राजश्री भित्तिलेखक महोदय यांचे सेवेशी,

मु. पो. मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम येथून एका सामान्य प्रवाशाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

डोणगाव, मेहकर करत आम्ही सिंदखेडराजाला पोचलो, ते लखुजीराव जाधवांचा राजवाडा बघायला. 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊ जन्मल्या तो वाडा हा, असं मुलांना दाखवायचं होतं. मुलांनी आधी आपलं नाव वाचलं. त्यांचं वाचन पक्कं करून घेतल्याबद्दल आभारी आहोत.

अक्षर काय वळणदार! किल्लीनं कोरलंत की खिळ्यानं? आपलं नाव, अधिकचं चिन्ह, दुसरं एक नाव, भोवती बदाम, बदामात आरपार बाण. बाणाच्या टोकाशी चुना अजून पांढराशुभ्र होता आणि खाली त्याचा भुगा सांडलेला. चुन्याचा थर एकदा फोडला की पावसाचं पाणी आत मुरतं, फटीत पिंपळ धरतो आणि पुढे त्याची मुळंच दगड बाजूला सारतात. म्हणजे आपण फक्त श्रीगणेशा केलात, उरलेलं काम पावसाळे करतील. एवढ्या लांबचं बघणारी माणसं हल्ली मिळतात कुठे!

रंगमहालात रंगपंचमीला लहानग्या जिजाऊंनी आणि शहाजींनी एकमेकांवर रंग उडवला आणि तिथून सोयरिकीची गोष्ट निघाली, असं सांगतात. ती परंपरा खंडित होऊ नये म्हणून आपण कोपऱ्यात लाल पिचकारी मारलीत. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे. तरी कुठून कुठून पुडी पैदा करून, पदरमोड करून आपण हा सण बारमाही केलात. धन्य!

इथल्या ‘पुतळा बारव’ या पायऱ्यांच्या विहिरीत घडवणाऱ्यांनी मूर्ती कोरल्या खऱ्या, पण पायऱ्या रिकाम्याच ठेवल्या होत्या. ती उणीव आपल्या वेफर्सच्या पुड्यांनी भरून निघाली.

लखुजीराजे, त्यांचे दोन मुलगे आणि नातू यांना निजामशहानं 1629 साली दौलताबादला दग्यानं मारलं. त्या राजांच्या समाधीपुढे कंबर हलवत रील काढणारे आपणच होतात की आपले बंधू, हे नक्की सांगता येत नाही. ठेका मात्र छान होता.

याच समाधीच्या जतनाचं काम चालू असताना 2024 साली जमिनीखालून सुमारे 1.7 मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. बघणारे हरखले. आम्हाला वाटलं, देवा, आणखी थोडा पडून राहिला असतास! मातीखाली आपला हात पोचत नव्हता.

बाहेर आपली गाडीही दिसली. काचेवर तेच नाव, तेच वळण, आणि वर भगव्या अक्षरांत ‘जय जिजाऊ’. गाडी काय राखली आहे! एक ओरखडा नाही. एक पोरगं नुसतं टेकलं तर केवढ्यांदा खेकसलात त्याच्यावर. वस्तू जपावी तर आपण. जिजाऊंच्या माहेरच्या भिंतीला गाडीचा रंग दिला असता तर तीही वाचली असती, नाही का?

संरक्षित स्मारक विद्रूप करणं गुन्हा आहे. राष्ट्रीय स्मारक असेल तर 2010 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा कामी पुरावा गोळा करताना भल्याभल्यांचा घाम निघतो. आपण तो स्वहस्ते, ठळक अक्षरांत देऊन ठेवलात. हा मनाचा मोठेपणा कुठे मिळायचा?

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही नम्र विनंती.

आपला,
मेडशीचा एक प्रवासी

ता. क. बदामाखाली आपण मोबाइल नंबर कोरायला घेतला होतात, तो सात आकड्यांवरच थांबला आहे. उरलेले तीन कृपया कळवावेत. तक्रार अर्जात गाडीचा नंबर भरून झाला, तेवढा एक रकाना राहिला आहे.