कॅनवाले काका

गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन रिकामा झाला की चारचौघांच्या घरी तो भंगारात जातो. काकांच्या घरी त्याचं खरं आयुष्य तिथून सुरू होतं. काका तो रिठ्याच्या पाण्याने धुतात, मुठीला जुन्या लेंग्याची नाडी गुंडाळतात आणि पहाटे भरून टेकडीवर नेतात. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, पर्वती : पुण्यात जितक्या टेकड्या, तितके कॅनवाले काका. किंबहुना जास्तच, कारण एका टेकडीवरच्या दोन काकांचं आपसात पटत नाही. निवृत्त, काटक, डोक्यावर कापडी टोपी, पायात वयाला न शोभणारे भडक बूट. मुलगा अमेरिकेत आहे हे बूट बघूनच कळतं.

काका भेटल्यावर ‘नमस्कार’ म्हणत नाहीत. ‘जगलंय का?’ असं विचारतात. नवख्या माणसाला वाटतं, घरातल्या कोणा आजाऱ्याबद्दल विचारतायत. प्रश्न त्याने तीन वर्षांपूर्वी हौसेने लावलेल्या आणि त्याच संध्याकाळी विसरलेल्या करंजाबद्दल असतो.

या प्रश्नामागे हिशेब आहे. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत उरकतो. टेकडीवर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. अशा ठिकाणी रोप लावणं सोपं. त्याला पहिले दोन-तीन उन्हाळे पार करवणं हे खरं काम. म्हणून काका लोकांचं वर्ष मे महिन्यात मोजलं जातं. मे महिन्यात जे हिरवं दिसेल ते झाड, बाकीचा सगळा समारंभ.

समारंभाचा दिवस पाच जून. कन्हैयालाल मुनशींनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हा फ्लेक्सचा शोध लागायचा होता, हे त्यांचं भाग्य. आता पायथ्याशी बस थांबते आणि एका रंगाचे टी-शर्ट घातलेली पन्नास तरुण मंडळी उतरतात. खड्डे काकांनी मे महिन्यातच खणून उन्हात तापवून ठेवलेले असतात. सत्यनारायणाच्या पूजेत यजमानाच्या हाताला सगळं घर हात लावतं, तसे एका रोपट्याला अकरा जण हात लावतात. फोटो निघतो. मग पोहे. पोह्यांच्या ताटल्या थर्माकोलच्या निघाल्या की काकांचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो. प्लास्टिक-थर्माकोलवरच्या बंदीची 2018 सालची सरकारी अधिसूचना त्यांना पाठ आहे, आणि ती ते पोहे थंड होईपर्यंत म्हणतात.

बस गेली की मोजणी सुरू होते. आयोजक रोपं मोजतात, काका काळ्या पिशव्या. दोनशे रोपं आणि एकशे चाळीस पिशव्या, म्हणजे साठ रोपं पिशवीसकट पुरली गेली. मग काका गुडघ्यावर बसून एकेक खड्डा उकरतात, पिशवी फाडतात, रोप पुन्हा लावतात आणि तोंडाने ‘ग्रीन वॉरियर, ग्रीन वॉरियर’ असं पुटपुटत राहतात. यापेक्षा जहाल शिवी मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही. जाताना फ्लेक्स मात्र घडी घालून घरी नेतात. सोसायटीच्या खतखड्ड्यावर तो उत्तम बसतो. माननीय नगरसेवकांचा चेहरा खालच्या बाजूला ठेवला तर ओल टिकते, असं काकांचं निरीक्षण आहे.

काकांचा शत्रू क्रमांक एक म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड भराभर वाढतं म्हणून पूर्वी टेकड्यांवर भरपूर लावलं गेलं. फेब्रुवारीत त्याला गुलाबी बहर येतो आणि फिरायला आलेल्या बायका ‘अय्या, पुण्यात साकुरा!’ म्हणत फोटो काढतात. काका तिथे वाटच बघत असतात. ‘ताई, याला उंदीरमारी म्हणतात,’ ते थंडपणे सांगतात. फोटोतला चेहरा उतरतो. गुलमोहरावर प्रेम करणाऱ्यांना मादागास्करला पाठवायची त्यांची तयारी असते, स्वखर्चाने जायचं असेल तर. दुसरे काका मात्र ग्लिरिसिडियाच्या बाजूचे. त्याचा पाला उत्तम हिरवळीचं खत होतो, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. म्हणूनच तर दोघं बोलत नाहीत.

घरी काकांचं राज्य स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी संपतं, पण सीमावाद चालूच असतो. ओट्याखाली बायोएंझाइमच्या बाटल्या : एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिल्या महिन्यात झाकण रोज सैल करून वायू सोडावा लागतो. काका एकदा लग्नाला नाशिकला गेले आणि हे सांगायचं राहिलं. रात्री दोनला झालेला आवाज ऐकून काकूंनी पोलिसांना फोन केला होता. गॅलरीतल्या कंपोस्टमध्ये अळ्या झाल्या तेव्हा काकांनी आनंदाने हाक मारली, ‘अगं, ये बघ, काळी सैनिक माशी आली!’ काकू म्हणाल्या, ‘अहो, पाहुणे बसलेत.’ काकांनी पाहुण्यांनाही बोलावलं.

या माणसाला कोणी हरवू शकेल असं मला वाटत नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यात परिसरशास्त्र शिकणारी एक मुलगी टेकडीवर आली, गळ्यात दुर्बीण. ती म्हणाली, ‘काका, ही मुळात गवताची आणि खुरट्या झुडपांची टेकडी आहे. इतकी दाट झाडं लावली तर चंडोल आणि माळटिटवी घरटी कुठे करणार?’ आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी काकांना झाडं लावू नका म्हणत होतं, तेही पर्यावरणासाठी! काका आठवडाभर टेकडीवर आले नाहीत. आले ते हातात पक्ष्यांचं पुस्तक घेऊन. आता माथ्यावरचा गवताळ पट्टा त्यांनी दगड मांडून वेगळा केलाय आणि तिथे कोणी रोप घेऊन आलं की ते ओरडतात. मार्चमध्ये वणवा पसरू नये म्हणून जाळरेषेचं गवत काढायलाही जातात. त्या दिवशी दुसरे काकाही येतात. दोघं चार तास शेजारी शेजारी विळे चालवतात, एक अक्षर न बोलता.

सोसायटीतल्या लग्नात काका आहेर करत नाहीत, रोप देतात. तेही देशी. वाकडला बाराव्या मजल्यावर राहायला जाणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी बहावा दिला होता. दर मेमध्ये त्यांचा फोन जायचा. मूल कधी, घराचे हप्ते किती, यातलं काही नाही, फक्त ‘जगलंय का?’ यंदा फोन मुलीने उचलला आणि जरा थांबून सांगितलं, ‘काका, आम्ही वेगळे झालो.’

‘अरेरे,’ काका म्हणाले. ‘मग बहाव्याला पाणी कोण घालतंय?’