भरती, पाहुणे आणि राजघाट

कोकणातील गावांत नारळी पौर्णिमेच्या सुमारास होणाऱ्या होड्यांच्या शर्यतीचे खरे व्यवस्थापन चंद्राकडे असते. पौर्णिमेला उधाण, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी भरती, येते आणि ती मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण मध्यान्हीस पोहोचत असल्यामुळे प्रमुख पाहुण्यांचे भाषण लांबले की ओहोटी लागून होड्या चिखलात बसतात. या दृष्टीने बऱ्हाणपूरचा तापीकाठचा राजघाट कितीतरी सोयीचा ठरावा. समुद्र सुरतेपलीकडे, खंबातच्या आखातात राहिल्याने पाहुण्यांना हवे तेवढे उशिरा येता येते. अडचण असलीच तर पुराची, जो नेमक्या श्रावणात घाटाच्या पायऱ्या गिळू शकतो, आणि उन्हाळ्याची, ज्यात शिडाला वारा मिळाला तरी नावेखाली पाणी मिळेलच असे नाही. वळणाची खूण म्हणून समुद्रात बोया, म्हणजे नांगरलेले तरंगते पिंप, सोडावा लागतो आणि तो प्रवाहाबरोबर निघून जातो. राजघाटाजवळ नदीपात्रात दगडी हत्ती आयताच उभा आहे. मुमताज महल १६३१ मध्ये याच शहरात निवर्तल्याने उद्घाटकाला विषयाची वाण नाही, आणि ढालीवर विजेत्यापेक्षा प्रायोजकाचे नाव मोठे कोरण्याची प्रथा गोड्या पाण्यातही निर्वेधपणे चालू शकते.