सीमारेषेबाहेरचे अंपायर

रविवारी सकाळी दहिसरच्या मैदानावर खेळतात बावीस पोरं, भांडतात चव्वेचाळीस आईबाप. चेंडू पॅडवर आदळला, बोट वर गेलं, पोरगं मुकाट निघालंसुद्धा. पण बाबा दोरी ओलांडून थेट खेळपट्टीवर. "अहो अंपायर, लेगबाहेर होता!" अंपायरचं वय असेल एकोणीस. बाबांच्या हातात मोबाइल. डीआरएस हल्ली डब्याबरोबर घरूनच येतं. मागून आई प्रशिक्षकाला विचारतेय, "फी भरतो ना आम्ही? मग आठव्या नंबरवर का?"

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये विरारच्या पृथ्वी शॉने एकट्याने ५४६ काढल्या. विरार ते दहिसर अंतर ते किती! तेव्हापासून बारावर बाद होणं म्हणजे खेळ नाही, कारस्थान.

१९८८ साली त्याच स्पर्धेत, आझाद मैदानावर, सचिन आणि कांबळी नाबाद ६६४ची भागी रचत होते, तेव्हा डाव घोषित करा म्हणून बाहेरून खुणा चालल्या होत्या. दोघांनी तिकडे बघायचंच टाळलं.

आमचा बाद झालेला गडी एव्हाना झाडाखाली बसून प्रतिस्पर्धी यष्टिरक्षकाच्या डब्यातला उपमा खातोय. बाबा अजून खेळपट्टीवरच आहेत.