प्रार्थनेचा विषय: कुकरची रिंग

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची (नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण मंडळीच्या प्रार्थनेत ते अजून नगरच आहे) ठाम समजूत आहे की मी सिंहांच्या शेजारी राहतो. ती अगदीच निराधार नाही. टांझानियातल्या ज्या म्वान्झा शहरात मी बायको-मुलीसह राहतो, तिथून सेरेंगेटीचं पश्चिमेकडचं फाटक गाडीने काही तासांवर आहे. पण तिथली प्रवेश फी परदेशी माणसाकडून डॉलरांत घेतात आणि माझं मानधन रुपयांत ठरतं, त्यामुळे सिंह आणि मी एकमेकांपासून पूर्ण सुरक्षित आहोत. मी आयुष्यात पाहिलेला एकमेव सिंह पुण्याच्या पेशवे पार्कातला, आणि तोही झोपलेला. तरी दर रविवारी नगरला कुणीतरी उठून 'आपल्या परदेशस्थ बंधूचं हिंस्र श्वापदांपासून रक्षण कर' अशी विनवणी करतं. इतकी हमखास फळलेली प्रार्थना मंडळीच्या इतिहासात दुसरी नसेल.

या समजुतीला खतपाणी घातलं ते माझ्याच प्रार्थनापत्रांनी. परदेशी सेवेत असलेल्या माणसाने दर महिन्याला घरच्या मंडळीला पत्र पाठवायचं असतं. वर वृत्तांत, खाली प्रार्थनेचे विषय. आता म्वान्झा हे टांझानियातलं दार-एस-सलामच्या खालोखालचं मोठं शहर. व्हिक्टोरिया सरोवराचा दक्षिण काठ, विमानतळ, मॉल, गुजराती दुकानदार आणि त्यांच्या दुकानात तूरडाळ. बाजारात म्चिचा नावाची पालेभाजी मिळते, ती आपला माठच. चपाती तर इथले लोक स्वतःचीच समजून खातात. हे सगळं जसंच्या तसं लिहिलं तर आमच्यासाठी गुडघे कोण टेकणार? म्हणून मी लिहीत असे, 'अथांग जलाशयाच्या तीरी, प्रचंड शिलाखंडांच्या सान्निध्यात'. शिलाखंड आहेत, त्यात खोटं नाही. पाण्यातून वर आलेला बिस्मार्क रॉक तर म्वान्झाची खूणच आहे. फक्त त्या खडकासमोर फोटो काढताना मागचा मॉल येऊ नये म्हणून मी मुलीला उकिडवं बसून कॅमेरा तिरका धरायला लावत असे.

"पप्पा, मॉलमध्ये पाप असतं का?" तिने विचारलं होतं.

"नाही. पण करुणा वाटत नाही."

ही कला माझ्या रक्तातच असावी, पण उलट्या बाजूने. बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला उतरले. १८३१ मध्ये मिशनचं काम नगरला सुरू झालं. आमचे कुणी खापरपणजोबा पुढे तिथल्याच एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते, असं घरात सांगतात. साहेब लोक पत्रं लिहीत आणि त्यातली निवडक 'मिशनरी हेरल्ड' मासिकात छापून येत. म्हणजे खापरपणजोबाही कुठल्यातरी पत्रात 'सत्याच्या उंबरठ्यावर घुटमळणारा माळी' म्हणून गेले असण्याची दाट शक्यता आहे. ते घुटमळत होते की साहेबाची कुदळ शोधत होते, हे बोस्टनला कधीच कळलं नसेल.

त्या काळी पत्र आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून शिडाच्या जहाजाने जाई. महिनेच्या महिने लागत. लेकरू तापाने फणफणलंय म्हणून आईने विषय लिहावा, आणि तिकडे हात जोडले जाईपर्यंत ते लेकरू एकतर चिंचेवर चढलेलं असे, नाहीतर चिंचेखाली पुरलेलं. खुद्द हॉलसाहेब १८२६ साली दौऱ्यावर असताना पटकीने गेले. अशा माणसांनी लिहिलेल्या पत्रांपुढे माझी पत्रं काय असणार! इकडे मी व्हॉट्सॲपवर 'थोडा ताप आहे' टाकलं, की पाच सेकंदांत जोडलेले हात येतात आणि दहाव्या सेकंदाला कुणीतरी मावशी सुदर्शन काढा सुचवते.

तापाचंही एकदा असंच झालं. अंग मोडून आलं, दात वाजू लागले आणि माझी खात्री पटली की हा मलेरिया. व्हिक्टोरियाकाठी मलेरिया ही चेष्टा नव्हे. मी उशाशी वही मागवली आणि हॉलसाहेबांना स्मरून 'प्रिय बंधुभगिनींनो, धाव संपवली असं म्हणण्याची वेळ कदाचित' इथपर्यंत आलो. बायको परिचारिका आहे. तिने बोटाला सुई टोचली, तपासणीची पट्टी पाहिली आणि विचारलं, "अहो, काल दागा किती खाल्ले?"

दागा म्हणजे सरोवरातली बोटाएवढी मासळी, आपल्या सुकटीची सासुरवाशीण बहीण. वाळवून, तळून, वर लिंबू पिळून समोर आली की आकडा कोण मोजतो? मलेरिया नव्हता. वहीतलं ते वाक्य मात्र चांगलं जमलं होतं, त्याची अजून हळहळ वाटते.

इथे मला एका बायबल शाळेत शिकवायला बोलावलंय. शिकवणं इंग्रजीत, उपदेश दुभाष्यामार्फत. बायको दवाखान्यात आल्या-गेलेल्याशी बोलून बोलून स्वाहिलीत केव्हाच पोहायला लागली, मुलगी तर त्या भाषेत भांडतेसुद्धा. मी काठावर. त्यामुळे एका खेड्यातल्या मंडळीकडून रविवारच्या उपदेशाचं आमंत्रण फोनवर स्वाहिलीत आलं आणि त्यातला 'न्ने' म्हणजे चार हा आकडा मला दुभाष्याशिवाय कळला, तेव्हा मी घरात दोन दिवस छाती काढून फिरलो. उपासना चार वाजता. ठीक.

बायको त्या रविवारी दवाखान्यात होती, नाहीतर पुढचं घडलं नसतं. मी एकटाच निघालो. आधी बजाजी, म्हणजे रिक्षा. टांझानियात रिक्षेला बजाजीच म्हणतात, त्यामुळे परक्या देशात असल्याचं दुःख निदान भाड्याच्या घासाघिशीपुरतं तरी कमी होतं. मग दाला-दाला नावाच्या मिनीबसमध्ये कुणाच्या तरी मांडीवरच्या मक्याच्या पोत्यावर हात टेकून प्रवास. बरोबर पावणेचारला चर्चसमोर उभा. दार बंद. झाडाखाली बाकावर एक वयस्क वडीलजी तेवढे बसलेले.

घोटाळा असा की स्वाहिलीत दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्याबरोबर सुरू होतो. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हा हिशेब इथे चोख चालतो. आपले सकाळचे सात म्हणजे इथला एक. चार म्हणजे सकाळचे दहा. मनगटावरचं घड्याळ आपल्यासारखंच लावलेलं असतं. काटा दहावर बघून माणूस निर्विकारपणे चार म्हणतो. मंडळी दहाला जमली होती. तीन गायकवृंद आळीपाळीने त्यांना येत होतं नव्हतं ते सगळं गाऊन बसले आणि अखेर लोक जेवायला घरी गेले.

यात खरी गंमत पुढे आहे. त्या दिवशीचा माझा उतारा होता मत्तयाचा विसावा अध्याय, द्राक्षमळ्यातले मजूर. तिसऱ्या ताशी आलेले, सहाव्या ताशी आलेले, अकराव्या ताशी आलेले, आणि मजुरी सगळ्यांना सारखीच. ज्यू लोकांचे तासही सूर्योदयापासून मोजलेले. हे मी बायबल शाळेत फळ्यावर घड्याळ काढून शिकवतो. नगरला असताना घटका-प्रहरांची तुलना करून दाखवली होती. फळ्यावरचं घड्याळ भिंतीवर लागलेलं असू शकतं, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

सोप्या इंग्रजीत मी वडीलजींची क्षमा मागू लागलो. त्यांनी शांतपणे आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता दहावा तास. शास्त्रातले ते मजूर अकराव्या ताशी आले होते. तुम्ही एक तास आधीच आलात. मजुरी पूर्ण मिळेल." मजुरी म्हणजे मक्याच्या पिठाची उगाली आणि आख्खा तळलेला सातो मासा. घंटा वाजवून लोकांना परत गोळा केलं, मी उतरत्या उन्हात उपदेश केला आणि एवढ्या चांगल्या उपदेशाचं सार वडीलजींनी आधीच एका वाक्यात सांगून टाकलेलं असल्याने लोक सौजन्याने ऐकत राहिले.

आमच्या घरी एक कोंबडाही आहे. तो आला आमच्या नेहमीच्या चर्चमधून. ज्यांच्याकडे रोकड नसते ते दानात अंडी, ऊस, तांदूळ, कोंबडी आणतात आणि उपासना संपल्यावर बाहेर त्याचा लिलाव होतो. आपल्याकडे हंगामाच्या सणाला भोपळ्याची बोली लागते तसंच, फक्त इथे त्यासाठी सणाची वाट बघत नाहीत. सरोवरावरून कधीकधी चिलटांचे ढगच्या ढग येतात. एका रविवारी लिलाव चालू असताना मी डोळ्यांसमोरचं चिलट हाताने हाकललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं हाकललं. जास्त टाळ्या. परदेशी पाहुण्याचा हात इतक्या उत्साहाने वर जातोय हे बघून कुणी पुढची बोली लावेना, आणि लिलावकर्त्याने तांबडा, उंच, तिरस्काराने बघणारा कोंबडा माझ्या काखेत दिला. मला वाटलं, भेट आहे. मी छोटंसं आभाराचं भाषण केलं. पैसे मागायला आलेल्या खजिनदाराने ते संपेपर्यंत वाट पाहिली, ही त्याची संस्कृती.

पेत्राला रडू फुटायला कोंबड्याचं एकदा आरवणं पुरलं. आमचा रोज पहाटे चारला सुरू होतो आणि माझ्या पापांची यादी संपेपर्यंत थांबत नाही. भारताचं घड्याळ आमच्या अडीच तास पुढे, त्यामुळे नगरच्या महिला मंडळाची सात वाजताची ऑनलाइन प्रार्थना आमच्याकडे साडेचारला. सुरुवातीला मला जागं राहणं कठीण जाई. आता जातच नाही. उलट मंडळातल्या बायकांना तो आवाज फार आवडतो. पाळकबाईंच्या विनवणीला जोडून तो ओरडला की त्याला त्या आमेन समजतात.

तर रिंग. एका महिन्यात परवान्याच्या नूतनीकरणासाठी मी एका कचेरीच्या रांगांत उभा होतो (कागद एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत आणि दुसरीतून पुन्हा पहिलीत जातो, हे नगरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही), म्हणून पत्राचे विषय बायकोने लिहिले. ती फार वेळ घेत नाही. एक, परवाना. दोन, मुलीचं मराठी लेखन. आजीला लिहिलेल्या पत्रात तिने 'मी बरी आहे'ची 'मी बारी आहे' केली. तीन, पाण्याची टाकी. चार, कुकरची रिंग, कारण जुनी सैल झालीय आणि डाळ शिजत नाही.

मी वाचून हादरलो. पण पत्र गेलं होतं आणि पाळकसाहेबांनी ते वेदीपुढे उभं राहून, जोर देऊन, शेवटपर्यंत वाचलं. सिंहांच्या बाबतीत मंडळी प्रार्थना करून मोकळी होत असे. रिंगच्या बाबतीत ती कामाला लागली. सैल रिंग आणि कच्ची डाळ काय असते, हे त्या सभागृहातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. सिंहाचा अनुभव कुणालाच नव्हता.

दार-एस-सलामला जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत रिंग कोंबली जाऊ लागली. कुणाचा जावई, कुणाचा ऑफिसमधला सहकारी, कुणाच्या ओळखीचा बोअरवेलवाला. तिथून बसने त्या म्वान्झाला येत. दीड लिटरच्या आल्या, तीनच्या आल्या, दहाच्या आल्या. आमचा कुकर पाच लिटरचा आहे हे बायकोने लिहिलं नव्हतं आणि प्रार्थनेत कुणी विचारत नाही. मुलीने मैत्रिणींमध्ये बांगड्या म्हणून वाटल्या. गल्लीतल्या बजाजीवाल्याने खडखडणारा आरसा एकीने घट्ट बसवला. तरी ओघ थांबेना. शेवटी बायकोला पाच लिटरची रिंग बाजारामागच्या गुजराती दुकानात मिळाली, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे आम्ही नगरला कळवलेलं नाही. पुढच्या पत्रात 'प्रभूने पुरवठा केला' एवढंच लिहिलं.

आणि परवाच इथल्या चर्चमधल्या बायका घरी आल्या. मला वाटत होतं, आम्ही यांच्यासाठी प्रार्थना करायला आलोय. त्यांच्या लेखी प्रकरण नेमकं उलट आहे. त्या मामा म्चुंगाजीला, म्हणजे पाळकीणबाई या नात्याने माझ्या बायकोला, भेटल्या, चहा-मांदाझी झाली, मग सगळ्यांत म्हातारी बीबी उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खड्या आवाजात प्रार्थना करू लागली. मला अधूनमधून फक्त आमची नावं कळत होती. इतर बायका भक्तिभावाने हुंकार देत होत्या, बायको खाली मान घालून थरथरत होती. मलाही भरून आलं. प्रार्थना संपताच मी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने 'आमिना!' म्हणालो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इथे टाळ्या वाजल्या की मला आता धसकाच बसतो.

अर्थ रात्री कळला. बीबीने देवाला सांगितलं होतं की हा माणूस परक्या देशातून आलाय, याला वेळ कळू दे, स्वाहिली येऊ दे, अंगावर जरा मांस चढू दे. आणि बिचाऱ्यांना एकच लेकरू आहे, तेव्हा पुढच्या पावसाआधी यांना जुळं दे.

बायकोने बेचाळिशी ओलांडलीय. तिने दिवा मालवता मालवता बजावलं, "हे पत्रात घालू नका हं. नगरला समजलं आणि तिकडूनही सुरू झालं तर? रिंगांचं काय झालं ते पाहिलंत ना!"