पन्नास हजारी

प्रत्येक गावात काही पदं ठरलेली असतात. भजनाला बुवा असतो, ग्रामसभेत 'एक मिनिट, माझा मुद्दा' म्हणून उठणारा एक असतो, पंगतीत 'वाढा, वाढा' म्हणत स्वतः काहीच न वाढणारा एक असतो. अलिबागजवळच्या आमच्या थळला अलीकडे एक नवं पद निर्माण झालं आहे: महिन्याभरात कादंबरी पुरी करणारा. सध्या ते भाऊंकडे आहे आणि दुसरा उमेदवार नसल्यामुळे बिनविरोध आहे.

भाऊ खत कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले. सगळी हयात आवक, जावक आणि शिल्लक लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी घरातल्या डब्यांकडे मोर्चा वळवला. तूरडाळीच्या डब्यावर 'किमान साठा दोन किलो' अशी चिठ्ठी लागली, त्या दिवशी वहिनींनी डोंबिवलीच्या भाचीला फोन केला, "तुझ्या मामांना काहीतरी उद्योग शोध, नाहीतर मी शोधते." भाची इंग्रजी वाचणारी. तिनं मामांना नोव्हेंबरच्या कादंबरीची गोष्ट सांगितली, आणि डाळीचा डबा सुटला.

ती गोष्ट आता थळ बाजारातल्या चहाच्या टपरीला पाठ आहे. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोकडे ख्रिस बेटी नावाच्या तरुणानं वीस जणांना गोळा केलं आणि ठरवलं, एका महिन्यात एकेकानं कादंबरी लिहायची. पहिल्या वर्षी महिना जुलैचा होता. पुढल्या वर्षी नोव्हेंबर केला, कारण तेव्हा हवा वाईट असते आणि माणूस मुकाट घरात बसतो. अट एकच, तीस दिवसांत पन्नास हजार शब्द. बरे-वाईट कोणी विचारत नाही. एकवीस जणांचा हा खेळ पुढे लाखोंचा झाला. दर्जाची चौकशी नाही, फक्त नग मोजायचे, हे ऐकताच भाऊंचा चेहरा उजळला. उभ्या आयुष्यात त्यांना साहित्य प्रथमच समजलं होतं.

त्या खेळाची मूळ संस्था मार्च २०२५ अखेर बंद झाली. भाचीनं भीत भीत मामांना हे कळवलं. भाऊ म्हणाले, "मंडळ मोडलं म्हणून कोणी गणपती आणायचा थांबतो का?"

आता असं बघा, झटपट लिहिण्याचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक गणपती उठले की लिहायला बसतो आणि दसऱ्याला संपादकाचा फोन टाळतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. नेमाड्यांनी १९६३ साली सांगवीला घरी बसून 'कोसला' काही आठवड्यांत हातावेगळी केली. ही सगळी नावं भाऊ घेतात, पण त्यांचा लाडका दाखला रशियाचा. दस्तयेव्हस्कीनं १८६६ च्या ऑक्टोबरात 'द गॅम्बलर' सव्वीस दिवसांत सांगून लिहवून घेतली. मुदत चुकली असती तर त्याच्या पुस्तकांचे हक्क नऊ वर्षं प्रकाशकाच्या घशात गेले असते. हे सांगताना भाऊंचा आवाज कापतो. पुढचा भाग मात्र ते वहिनी स्वयंपाकघरात असतानाच सांगतात. ज्या मुलीला लिहून घ्यायला ठेवलं होतं, तिच्याशीच त्यानं चार महिन्यांत लग्न केलं.

"ऐकलं मी," आतून आवाज येतो. "तुम्ही आपले स्वतःच्या हातानं लिहा."

या जातीच्या माणसाची खरी प्रतिभा लिहिण्यात नसते, तयारीत असते. भाऊंनी अख्खा ऑक्टोबर तयारीला दिला. अलिबागहून लांब पानांच्या वह्या आल्या. निळी शाई निवेदनाला, काळी संवादांना, हिरवी निसर्गवर्णनाला असे पेन ठरले. माडीवरचं टेबल खिडकीशी सरकवलं, कारण समोर समुद्रात उंदेरी बेट दिसतं आणि त्याच्यापलीकडे खांदेरी. मग उजेड डोळ्यांवर येतो म्हणून टेबल भिंतीशी गेलं. भिंतीकडे बघून सुचत नाही म्हणून परत खिडकीशी आलं. भिंतीवर तीस चौकोनांचा तक्ता लागला, प्रत्येक चौकोनात १,६६७ हा आकडा. पात्रांची यादी झाली, पात्रांच्या पत्रिका झाल्या. खलनायकाला कडक मंगळ निघाला म्हणून भाऊंनी त्याचं लग्नच रद्द केलं आणि एक आख्खं प्रकरण वाचवलं.

गावानं विचारलं, "पन्नास हजारच का? चाळीस चालणार नाहीत का?" भाऊ म्हणाले, "युरियाची गोणी पन्नास किलोची होती, ती २०१८ साली पंचेचाळीसची केली. तेव्हापासून मला गोणीकडे बघवत नाही. साहित्यात तरी वजन पुरं पाहिजे."

विषयासाठी लांब जावं लागलं नाही. तो खिडकीतूनच दिसत होता. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला काढला आणि त्यांच्या आरमारातला मायनाक भंडारी तिथे जाऊन बसला. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला म्हटल्यावर इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. कप्तान केग्विन आला, 'रिव्हेंज' नावाचं मोठं जहाज आलं, ऑक्टोबरात दौलतखानाच्या मराठी आरमाराशी लढाई झाली. तरी रात्रीच्या अंधारात इकडच्या किनाऱ्यावरून छोट्या होड्या निघत, वेढ्यातून सटकत आणि बेटावर दाणागोटा नि सामान उतरवून परत येत. मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात त्यांच्या मागे जाता येईना. शेवटी इंग्रजांनाच हात टेकावे लागले. आता २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आली, तेव्हा भाऊंना वाटलं, ही दखल आपल्या कादंबरीच्या सोयीसाठीच घेतलेली आहे.

स्थळदर्शनासाठी ते होडीनं खांदेरीला जाऊन आले. वेताळाला नारळ दिला. दगडानं ठोकला की धातूसारखा वाजतो तो प्रसिद्ध दगड वाजवून बघितला आणि 'नाद: घंटेपेक्षा ताटाकडे झुकणारा' अशी नोंद केली. १८६७ सालच्या दीपगृहाकडे बघून मात्र ते खट्टू झाले, कारण कादंबरीच्या काळात ते नव्हतं आणि त्याचं वर्णन तर मनातल्या मनात तयार होतं. परतताना होडीवाल्यानं विचारलं, "भाऊ, कादंबरीन माजी होरी हाय का नाय?" भाऊंनी यादी काढली आणि त्रेचाळिसावं पात्र दाखल करून घेतलं.

एक नोव्हेंबरला पहाटे भाऊ टेबलाशी बसले. आणि दुसऱ्याच दिवशी वेढा पडला.

तुळशीचं लग्न होतं. डोंबिवलीहून भाची आली, तिची सासरची माणसं आली, त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब 'समुद्र बघायला' आलं. अलिबाग पट्ट्यात घर असणं म्हणजे काय, हे ज्याला आहे त्यालाच कळतं. मांडव्याला बोट लागली की मुंबईकराला आपलं नातं आठवतं. भाऊंनी पाहुण्यांना वेधशाळेची गोष्ट ऐकवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं चुंबकसूची बिचकणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली आणि १९०४ पासून तिथे अखंड नोंदी चालू आहेत. "सांगायचा मुद्दा, नाजूक कामाला शांतता लागते." पाहुणे म्हणाले, "वा! मग उद्या वेधशाळाही बघू. आपल्या गाडीत जागा आहे, भाऊ, तुम्हीही चला."

पाचव्या दिवशी तक्त्यावर शिल्लक होती ९८०. हिरवा पेन सगळ्यात जास्त झिजला होता. मायनाक भंडारी थळच्या किनाऱ्यावर उभा राहून सूर्योदय बघत होता, आणि चार दिवस तो सूर्य काही वर आला नव्हता.

सहाव्या दिवशी भाऊंनी हाताचं दुखणं काढलं आणि फोनवर बोलून टंकन सुरू केलं. फोन ऐकतो सगळं, समजतं त्याला त्याच्या पद्धतीनं. भाऊ म्हणाले, 'दौलतखान गलबतातून उतरला.' फोननं लिहिलं, 'दवाखाना गलबतातून उतरला.' सातव्या प्रकरणात तर दवाखान्यानं तलवार उपसून इंग्रजांवर झडप घातली आहे. ऐन रणधुमाळीत मायनाक सैनिकांना हाक देतो, 'मर्द हो, हटू नका, कोलंबी ताजी आहे, दोनशेला वाटा, वहिनी घ्यायची का.' कोळीण अंगणात आली होती. भाऊंनी हे वाक्य तपासलं, एकूण शब्द मोजले आणि तसंच राहू दिलं.

इथून पुढे हिशेबनीस जागा झाला. केग्विनचा उल्लेख प्रत्येक वेळी 'कंपनी सरकारचे शूर कप्तान रिचर्ड केग्विनसाहेब' असा होऊ लागला. शत्रूला इतका मान मराठी ऐतिहासिक कादंबरीत आजवर कोणी दिला नसेल. 'गलबतावर' हा एक शब्द 'गलबता वर' असा दोन झाला. वहिनी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. त्यांनी तो कागद बघितला आणि काही न बोलता लाल पेनानं तुटलेल्या सगळ्या विभक्ती सांधल्या. एका रात्रीत शिल्लक चारशेनं उतरली. कारकिर्दीत इतकी घट भाऊंनी फक्त उंदीर शिरलेल्या गोदामात पाहिली होती.

मग त्यांनी कायदेशीर मार्ग धरला, म्हणजे जेवण. बेटावरच्या शिबंदीला भूक लागली. सोड्यांची खिचडी, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. वालाला मोड येण्यापासून बिरडं पानात पडेपर्यंतचा तपशील वहिनींनी स्वतः सांगितला, तो नऊशे शब्द झाला. इंग्रजांची तोफ डागण्याची सगळी लढाई दोनशे शब्दांत आटोपली आहे. जाणकारांनी दोन्ही भाग वाचले तर नऊशे शब्दांचाच खरा वाटेल, कारण त्याचा लेखक विषयात मुरलेला आहे.

महिन्याच्या मध्यावर काहीतरी पालटलं. तक्ता बघणं भाऊंनी सोडलं. भात झोडून झालेलं होतं, पाहुणे ओसरले होते, तीन पेनांचा एक झाला होता. रोज पहाटे दूधवाला यायच्या आधी थोडं, दुपारी पंखा चालू असला तर थोडं, रात्री जेवणानंतर उरलेलं. बसमध्येही त्यांनी लिहिलं. अलिबागच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले तर रांगेत दाखल्याच्या अर्जामागेही संवाद लिहून आले. कारकुनानं अर्ज उलटून विचारलं, "हे कोण म्हणतंय, 'मी अजून जिवंत आहे, फिरंग्यांनो'?" भाऊ म्हणाले, "दोन्हीकडे चालेल."

टपरीवर त्यांनी आपल्या डावपेचाचा खुलासा केला. "मायनाकनं तरी काय केलं? मोठं जहाज नेलं का? रोज रात्री एक होडी. इंग्रजांना ती अडवता आली नाही, मला हे पाहुणे काय अडवणार!"

आम्ही सगळे हसलो. पण हसणाऱ्यांत एक जण असा होता की ज्याच्या डोक्यात वडिलांवरची कादंबरी वीस वर्षं 'जवळजवळ तयार' आहे. एक आत्मचरित्राचं नाव ठरवून बसलेला होता. एकाला फक्त निवांतपणा मिळायचा बाकी होता. कादंबरी पोटात असलेली माणसं थळपासून मुंबईपर्यंत मुबलक आहेत. ती कागदावर उतरवायला लागतो तो निर्लज्जपणा. आज वाईट लिहिलं, उद्या पुन्हा बसायचं आणि परवाही वाईटच लिहायचं, ही धमक गुणी माणसाकडे नसते. त्याला दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा चांगलं हवं असतं, म्हणून तो पहिल्यावरच थांबतो. भाऊ थांबले नाहीत, कारण चांगल्याचा रकाना त्यांच्या वहीत मुळात आखलेलाच नव्हता.

तीस नोव्हेंबरला रात्री माडीवर दिवा जळत होता आणि खाली ओटीवर निम्मी आळी बसली होती. अकरा वाजता वरून आरोळी आली, "पन्नास हजार चौदा!" कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, दिवाळीची उरलेली. होडीवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, "माजी होरी कवा येतंय?" कळलं की ती येतच नाही. पन्नास हजार शब्द संपले तेव्हा मायनाक भंडारी अजून थळच्या किनाऱ्यावरच होता. सूर्य तेवढा उगवला होता, शिबंदी दोनदा जेवली होती, दवाखान्यानं एक लढाई जिंकली होती, पण किल्ल्याचा पहिला दगड काही बसला नव्हता. ज्या बेटावर जेवणं झाली, तिथे नायक गेलाच नाही, ही गोष्ट वहिनींनी पहिल्या वाचनात पकडली.

भाऊ गडबडले नाहीत. "म्हणूनच तर दुसरा भाग," ते म्हणाले. "पुढल्या नोव्हेंबरात खांदेरी बांधून पुरी. आणि तिसऱ्या भागात उंदेरी, कारण १६८० च्या जानेवारीत जंजिऱ्याचा सिद्दी तिथे येऊन बसतो."

वहिनींनी लाल पेनाला टोपण लावलं. "येऊ दे की. फक्त त्याला आत्ताच कळवून ठेवा, चहाचं त्याचं त्यानं बघायचं. मी त्या नोव्हेंबरात माहेरी आहे."